टॅमनी हॉल: चोर सापडला, पण दुकान चालूच कसं राहिलं?

पर्वतीपायथा:

नमस्कार मंडळी. आमच्या सहकारनगरच्या वाचनकट्ट्यावर या रविवारी माझी पाळी आहे, वीस मिनिटं बोलायचंय, आणि मी जोशात येऊन विषय सांगून बसलोय की एकोणिसाव्या शतकातलं न्यूयॉर्क आणि टॅमनी हॉल, म्हणजे तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाची शहर मुठीत ठेवणारी संघटना. आता अडकलोय. टॅमनीचा बॉस ट्वीड, त्याची गोष्ट सोपी आहे, सगळ्यांना आवडेल अशी. हार्पर्स वीकलीत थॉमस नॅस्टची व्यंगचित्रं चालूच होती, १८७१ च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने शहराच्या नव्या कोर्टहाऊसच्या बांधकामाचे फुगवलेले हिशोब छापले, १८७३ ला शिक्षा, १८७५ ला पळाला, क्यूबामार्गे स्पेनला गेला तर तिथे नॅस्टच्याच चित्रावरून ओळखला गेला म्हणतात, आणि १८७८ ला तुरुंगात मेला. पिक्चरच आहे राव.

पण पुढे काय? टॅमनी हॉल बंद पडलंच नाही ना. १८९४ ला सुधारकांनी हरवलं, १८९७ ला ये रे माझ्या मागल्या. १९०१ ला परत हरवलं, १९०३ ला परत आले. सगळं उघडं पडूनही लोक त्यांनाच मतं देत होते, ते का? "लोक अडाणी होते, बोटीतून उतरलेले आयरिश इटालियन होते, पैसे घेऊन मतं द्यायचे" हे उत्तर नकोय. ते आमच्या कट्ट्यावर मी न बोलताच मिळेल, मग गाडी थेट आपल्या महापालिकेवर जाईल आणि चहा गार होईल. कोणी नीट वाचलंय का यावर?

निवृत्त_ओव्हरसियर:

लोकांचं नंतर बघू, आधी पैसा कसा निघाला ते सांगतो कारण ते माझ्या धंद्यातलं आहे.

कोर्टहाऊसचं मूळ एस्टिमेट अडीच लाख डॉलर. शेवटी गेलं सुमारे १ कोटी ३० लाखांवर. अमेरिकेने १८६७ मध्ये रशियाकडून अख्खं अलास्का ७२ लाखांत घेतलं, आता करा हिशोब. गिलाव्याचा ठेकेदार गार्वी, त्याचं दोन दिवसांच्या कामाचं बिल १,३३,१८७ डॉलर. अकरा थर्मामीटर साडेसात हजार डॉलरचे. भिंतीला लागलेला संगमरवर ज्या खाणीतला, त्या खाणीचा मालक ट्वीडच. लोक ऐकून हसतात पण फुगवलेलं बिल कोणीही करू शकतो हो, ते पास कसं होतं तिथे खरी कारागिरी आहे. १८७० मध्ये ट्वीडने ऑल्बनीला, म्हणजे राज्याच्या विधिमंडळात, पैसे वाटून शहराचा नवा कायदा करून घेतला आणि थकलेली बिलं तपासायचं काम तिघांकडे आलं: महापौर हॉल, हिशोबखात्याचा प्रमुख कॉनोली आणि स्वतः ट्वीड. म्हणजे मेजरमेंट बुक (एमबी, झालेल्या कामाच्या मोजमापाची वही) लिहिणारा, तपासणारा आणि चेक काढणारा एकाच ताटात जेवायला बसले. ठेकेदाराने आपला वाटा ठेवायचा, उरलेलं वर पोचवायचं.

फुटलं कसं, तर खातेवही सांभाळणारा वॉटसन १८७१ च्या जानेवारीत बर्फगाडीच्या अपघातात गेला. त्याच्या जागी आलेला माणूस आतल्या गोटातला नव्हता, त्याने आकडे उतरवून घेतले आणि ते पेपरवाल्यांकडे पोचले. एवढं साम्राज्य आणि पडलं एका कारकुनाच्या रिकाम्या खुर्चीमुळे.

मी नोकरीत असताना एका गटाराच्या कामात जेवढे पाइप जमिनीत होते तेवढेच एमबीत लिहिले होते, तीन महिन्यांत बदली झाली. रागावर नाही सांगत आता, पण त्या वॉटसनच्या खुर्चीबद्दल वाचलं की मला ते आठवतं.

चहा_कमी_साखर:

काका एक नंबर. बाकी पर्वतीपायथा, चहा गार होणारच, थर्मास घेऊन जा.

शनवारातली:

तुमच्या "का" चं उत्तर न्यूयॉर्कपेक्षा शिकागोत बरं सापडतं. तिथे १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन स्टार या दोघींनी हाल्स्टेड स्ट्रीटवर हल हाऊस काढलं, म्हणजे सुखवस्तू शिकलेल्या बायका गरीब वस्तीतच घर घेऊन राहायला गेल्या, पाळणाघर, वर्ग, क्लब असं सगळं. तो होता एकोणिसावा वॉर्ड आणि तिथला आल्डरमन, आपल्या भाषेत नगरसेवक, जॉनी पॉवर्स. ट्रामवाल्या कंपन्यांना परवाने द्यायचे आणि त्यांच्याकडून पैसे खायचे हा त्याचा उद्योग सगळ्या शिकागोला माहीत होता. गल्ल्यांत कचरा साठलेला. १८९५ मध्ये अ‍ॅडम्सबाई स्वतः वॉर्डाच्या कचरा निरीक्षक झाल्या, पहाटे उठून कचरागाड्यांच्या मागे फिरायच्या. मग १८९६ आणि १८९८ ला पॉवर्सविरुद्ध माणूस उभा करून बघितला. दोन्ही वेळा आपटले. त्याआधी हल हाऊसच्या क्लबातला एक जण वॉर्डातल्या दुसऱ्या जागेवर निवडून आला होता, तो पॉवर्सने फोडला (हे वाचून मी मोठ्याने हसले, घरातले बघायला लागले).

पण या बाईंचं मोठेपण असं की हरल्यावर त्या लोकांवर चिडल्या नाहीत, आपलं काय चुकलं ते त्यांनी १८९८ मध्ये लिहून काढलं. त्यातला एक प्रसंग सांगते, तुम्ही कट्ट्यावर हाच सांगा, बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल. हल हाऊसच्या पाळणाघरात कोणीतरी टाकून दिलेलं एक बाळ आलं, आजारी होतं, ते गेलं. यांनी सरळ ठरवलं की काउंटीच्या खर्चाने पुरायचं, बेवारस बाळ आहे, त्यात काय. वस्तीत ही बातमी गेली आणि लोक हादरले. सरकारी खर्चाने पुरणार म्हणजे काय? त्या गरीब लोकांनी वर्गणी काढायला सुरुवात केली. इतकी वर्षं तिथे राहून, सेवा करून, या बायकांना हेच कळलं नव्हतं की त्या वस्तीत कोणाची मयत बेवारशी जाणं ही सगळ्यात मोठी नामुष्की असते. आणि पॉवर्सला ते पक्कं कळलं होतं! कोणाकडे मयत झाली की तो हजर, गाड्यांची सोय त्याची, पैसे कमी पडले तर तो भरणार. ख्रिसमसला टनावारी टर्की वाटायचा. पोरगा पकडला गेला की कोर्टात शब्द टाकायचा, बेकाराला ट्रामवर चिकटवायचा. लोकांना माहीत होतं हा पैसा कुठून येतो, बाई स्वतःच लिहितात की लोकांना वाटायचं कंपन्यांकडून घेतो आणि आपल्याला देतो, मग बिघडलं कुठे.

माझ्या सासऱ्यांना कोविडच्या दुसऱ्या लाटेत रात्री दोनला बेड मिळवून दिला तो आमच्या भागातल्या एका माणसाच्या फोनने. त्याच्या बांधकामांबद्दल मला सगळं माहीत आहे. मत कोणाला दिलं ते नाही सांगणार.

खडकीचा_पोरगा:

ताई प्रसंग भारी आहे पण फार गोड नका करू त्याला. टर्की मिळाली, ट्रामचं तिकीट महाग पडलं आणि गल्लीत कचरा तसाच राहिला. हिशोब केला तर ती टर्की त्यांच्याच पैशाची होती. आणि टॅमनीचा तो पुढारी प्लंकिट, तो तर उघड सांगायचा की एक चोरी असते आणि एक "प्रामाणिक मलई" असते. त्याची भाषणं १९०५ ला छापून आली. प्रामाणिक मलई म्हणजे काय, तर अमुक ठिकाणी बाग होणार हे आतून कळलं की आधीच तिथली जमीन घेऊन ठेवायची आणि मग शहराला चढ्या भावात विकायची. पुण्यात राहणाऱ्याला हे समजावून सांगायला लागत नाही, डीपी (शहराचा विकास आराखडा) आणि आरक्षण हे शब्द आपल्याला शाळेत असल्यापासून पाठ आहेत. सुधारकांना तो म्हणायचा सकाळी फुलणारी फुलं, थोड्या वेळात सुकतात.

दुसरी बाजू पण बघा, सुधारक सगळे साधू नव्हते. ट्वीडची सत्ता गेल्यावर न्यूयॉर्क राज्याचा गव्हर्नर झालेल्या टिल्डनने आयोग नेमला, त्याने १८७७ मध्ये सुचवलं की शहराच्या पैशाचा कारभार बघणारं मंडळ फक्त कर आणि ठरावीक भाडं भरणाऱ्यांनी निवडायचं. भ्रष्टाचार घालवायचा उपाय काय, तर गरिबाचं मत काढून घ्या. बारगळलं ते, पण वास गेला नाही. १९०० च्या वादळात गॅल्व्हेस्टन उद्ध्वस्त झालं तेव्हा तिथे नगरसेवक काढून कमिशन, म्हणजे खाती वाटून घेणारं मोजक्या लोकांचं मंडळ आणलं, डेटनला १९१३ च्या पुरानंतर सिटी मॅनेजर, म्हणजे कारभार बघायला नेमलेला पगारी अधिकारी. कारभार सुधारला असेल, पण वॉर्ड जाऊन अख्ख्या शहरातून निवडणूक आली की मजुरांच्या आणि काळ्यांच्या वस्तीतला माणूस निवडून येणं अवघड झालं. आपल्याकडे २०१७ ला चार-चार नगरसेवकांचे प्रभाग झाले तेव्हा आमच्या वस्तीतला अपक्ष कसा झोपला ते मी जवळून बघितलंय, आणि २०२२ नंतर तर कितीतरी दिवस नुसता प्रशासकच, तक्रार कोणाकडे न्यायची तेच कळेना.

पर्वतीपायथा:

अरे वा, हे तर सोनं आहे. पण सुधारक १८९४ ला जिंकून १८९७ ला हरले ते का? तेव्हा तर कारभार चांगला चालला होता ना, वॉरिंग वगैरे?

निवृत्त_ओव्हरसियर:

वॉरिंगचं काम खरंच चांगलं. १८९५ ला सफाई खातं हातात घेतलं, तोपर्यंत झाडूवाला पक्षाच्या चिठ्ठीवर लागायचा, ते बंद केलं, पांढरे गणवेश दिले, घोड्यांच्या लिदीखाली गाडलेले रस्ते साफ होऊन परत दिसायला लागले लोकांना. पण त्याच सरकारात पोलीस मंडळाचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट. त्याने रविवारी दारूचे गुत्ते बंद ठेवायचा जुना कायदा कडक लावला. जर्मन कामगाराला आठवड्यात सुट्टी एकच, रविवार, आणि त्याची बायकापोरांसकट बिअर बंद. पैसेवाल्यांचे क्लब चालू. पुढच्या निवडणुकीत काय होणार?

खडकीचा_पोरगा:

आणि शेवट टॅमनीला शिव्या घालून करू नका बरं का. २५ मार्च १९११, ट्रँगल शर्टवेस्ट फॅक्टरीला आग, दार बंद, १४६ मेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन पोरी. त्यानंतर जो चौकशी आयोग बसला त्याचे प्रमुख वॅग्नर आणि अल स्मिथ, दोघेही टॅमनीचेच. कारखान्यांतल्या सुरक्षेचे, कामाच्या तासांचे कितीतरी कायदे त्यातून झाले. फ्रान्सिस पर्किन्स, जी पुढे देशाची कामगारमंत्री झाली, तिने ती आग डोळ्यांनी बघितली होती आणि काम या लोकांबरोबर केलं. टर्की वाटणाऱ्यांनाच कळलं असेल की आता टर्कीवर भागत नाही.

शनवारातली:

एक राहिलंच. अ‍ॅडम्सबाई पॉवर्सविरुद्ध दोनदा लढल्या तेव्हा त्यांना स्वतःला मत नव्हतं. इलिनॉयमध्ये बायकांना शहराच्या निवडणुकीत मत मिळालं १९१३ ला. म्हणून तर कचरा, दूध, पाळणाघर या वाटेने आत शिरल्या त्या. आणि आपल्या पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ अमेरिकेतच होत्या, परत येऊन १८८९ ला त्यांनी मराठीत अमेरिकेवर पुस्तक लिहिलं, त्यात बायकांच्या संस्थांवर किती मन लावून लिहिलंय बघा. हल हाऊस उघडलं तेही १८८९ लाच. तुमच्या कट्ट्याला पुण्याचा धागा हवाच असेल तर तो घ्या, महापालिका नको.

पर्वतीपायथा:

ठरलं. बाळाच्या प्रसंगापासून सुरू करतो, ट्वीड पाच मिनिटांत उरकतो. काका, रविवारी सहाला तुम्ही याच, थर्मामीटरचं बिल तुम्हीच वाचून दाखवा. जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे.

निवृत्त_ओव्हरसियर:

गुडघा बघून सांगतो.