‘विरळ’ वस्ती आणि ‘विखुरलेली’ वस्ती: फरक काय?

प्रश्न: मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात ‘लोकसंख्येचे वितरण’ आणि ‘लोकसंख्येची घनता’ असे दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय कुठे ‘विरळ’, कुठे ‘विखुरलेली’. आमच्या दापोलीकडे या सगळ्याला मिळून ‘घरं लांब लांब आहेत’ एवढंच म्हणतात. कोणी उलगडून सांगेल का?

उत्तर: घनता हा नुसता भागाकार. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात १६,१५,०६९ माणसं होती, क्षेत्रफळ ८,२०८ चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरला १९७. राज्याची घनता ३६५, म्हणून आपला जिल्हा विरळ. पण ती माणसं नेमकी राहतात कुठे, ते वितरण सांगतं. कातळाच्या सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या पठारावर, मैलभर चाला, एक घर लागणार नाही. खाली खाडीकाठी उतरलात की घराला घर चिकटलेलं.

‘विखुरलेली’ हा तर वस्तीच्या आकाराचा शब्द. घाटावर गावाची पांढरी (घरांची जागा) एका जागी गोळा झालेली असते, ती केंद्रित वस्ती. गुहागर समुद्राला समांतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना लांबत गेलंय, ती रेषाकृती. विरळच्या उलट दाट, विखुरलेलीच्या उलट केंद्रित. या जोड्यांची सरमिसळ करू नये.

आणखी एक उत्तर: मग आमच्या वाड्यांचं काय करायचं, ताई? महसुली गाव एक आणि वाड्या चार डोंगरांवर. जिथे बारमाही पाणी, भाताचे कुणगे (लहान खाचरं) आणि आगर (नारळी-पोफळीची बाग) करण्याजोगी जागा, तिथे वाडी. गाव म्हणून पाहिलं तर विखुरलेलं, पण वाडीत शिरा, पडवीला पडवी लागलेली! जनगणनेच्या यादीत मात्र गावाचा एकच आकडा येतो, वाडीवार नाही.

त्यावर: म्हणूनच नकाशा कोणता घेतलाय ते बघा. क्षेत्रघनी नकाशात, म्हणजे घनतेप्रमाणे छटा देणाऱ्या नकाशात, अख्ख्या तालुक्याला एकच छटा; सडाही तितकाच गडद आणि खालची सखल खलाटीही. टिंब नकाशात समजा एक टिंब हजार माणसांचं, तर ते कुठे द्यायचं हे काढणाऱ्याला जमिनीचा उंचसखलपणा, पाणी, रस्ते बघून ठरवावं लागतं. सड्यावर टिंबं शिंपडणारे नकाशे छापूनही येतात, काय बोलणार!

शेवटी माझी भर: ‘कोकणची लोकसंख्या घटली’ हेही जरा जपून लिहावं. रत्नागिरीत २००१ साली १६,९६,७७७ होती, ती पुढच्या जनगणनेत कमी भरली हे खरं. पण मोजणी झाली फेब्रुवारीत, चाकरमानी मुंबईत असताना, आणि ते तिथलेच रहिवासी म्हणून मोजले गेले. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हा आकडा त्याच स्थलांतराचा. घट सगळीकडे सारखी असेलच असंही नाही. तालुकावार आकडे काढून बघा.