कळतं सगळं, बोलताना अडतं
इंग्रजी शिकणाऱ्या एकाने इथे लिहिलंय की ऑनलाइन क्लासमध्ये इंग्रजी सगळं कळतं, पण बोलायची वेळ आली की गाडी अडते. त्यावर बहुतेकांनी शब्दसंग्रह वाढवायला सांगितलंय. मला नाही पटत. चार पर्यायांतून बरोबर शब्द ओळखणं वेगळं आणि समोर काहीच नसताना तोच आठवणं वेगळं. बरीच ॲप्स पहिल्याचाच सराव करून घेतात. गुण मिळत राहतात, आपण खूश!

ऐकण्याचं दुखणं निराळंच. शिक्षक एकेक शब्द सुटा करून बोलतात. एरवी इंग्रजीत जोर मोजक्याच शब्दांवर पडतो, बाकीचे आक्रसतात. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' घाईत 'व्हॉट्या गना डू' असं कानावर पडतं, आणि लिहून दाखवलं तर सहज कळलं असतं ते वाक्य डोक्यावरून जातं. त्यात नेट रडत असलं तर 'थ्री' की 'फ्री', हे संदर्भावरूनच ठरवावं लागतं.

यावर कंटाळवाणा पण लागू पडणारा उपाय: अर्ध्या मिनिटाची क्लिप घ्या, सबटायटल बंद ठेवून ऐकू येईल ते लिहा, मग इंग्रजी सबटायटल लावून कुठे चुकलं ते पाहा. मराठी सबटायटल नकोत, डोळे तिकडेच जातात.

व्याकरण ऑनलाइन छान शिकता येतं, त्याबद्दल वाद नाही. बोलण्यासाठी मात्र मोठ्या बॅचऐवजी एखादा जोडीदार गाठा. बॅचमध्ये तासभर माइक बंद ठेवून बसलं तरी कुणी विचारत नाही.