मदत हवी आहे: गेट ते पोर्च पेव्हर की काँक्रीट? (बजेट 60 हजार, जरा घाई आहे)

सड्यावरची:
नमस्कार मंडळी, गेटपासून पोर्चपर्यंतचा रस्ता पक्का करायचाय, साधारण 600 स्क्वेअर फूट. पेव्हरवाला (सिमेंटचे ठोकळे बसवणारा) 85 रुपये फूट म्हणतोय, काँक्रीटवाला 130, आणि दोघंही एकमेकांच्या कामाला नावं ठेवतायत. मे संपायच्या आत उरकायचंय कारण गणपतीला दीर-जावा सगळे गाड्या घेऊन येतात आणि गेल्या वर्षी सगळ्यांनी चिखलात गाड्या ढकलल्यात. फार तर 65 हजारापर्यंत जाऊ शकतो. जुने धागे चाळले, त्यात नुसती भांडणं आहेत.

ठोकळेबाज:
पेव्हर. डोळे झाकून. 60 एमएम जाडीचे घ्या, घरच्या गाडीला पुरतात. आमच्याकडे सांगलीला बरीच वर्षं झाली, एक ठोकळा हललेला नाही. काँक्रीटला तडा गेला की तो जन्मभर दिसतो, पेव्हर उचलून परत बसवता येतो.

मु_पो_चिपळूण:
सांगलीचा पाऊस वेगळा, आमचा वेगळा. ताई, गाव कुठलं, चढ आहे का, खाली माती आहे की कातळ, पाणी कुठनं येतं? हे सांगितल्याशिवाय नुसत्या दरावर काय बोलणार?

सड्यावरची:
रत्नागिरीजवळ, सडा म्हणजे आमचं कातळाचं पठार, आयडीवरून वाटलं कळेल :) चढ आहे थोडासा.

मु_पो_चिपळूण:
थोडासा म्हणजे किती? दोरी धरून मोजा.

सड्यावरची:
नवऱ्याने मोजला, 50 फुटात 5 फूट. रुंदी 12. वरचा भाग कातळ आहे, गेटकडे भराव टाकलेला.

मु_पो_चिपळूण:
याला थोडासा म्हणतात होय! आणि भराव आत्ता सांगताय. या चढावर पाऊस धो धो आला की पेव्हरच्या सांध्यातली वाळू जाते, मग खालची कच जाते, मग ठोकळे गेटकडे सरकायला लागतात. पेव्हरच करायचे तर गेटपाशी आडवी काँक्रीटची पट्टी, दोन्ही कडांना कर्ब (ठोकळे धरून ठेवणारी कड) आणि काम खालून वर. हे 85 मध्ये धरलंय का विचारा. धरलेलं नसणार.

ठोकळेबाज:
काँक्रीट काय आभाळातून टेकू घेऊन उभं राहतं का? भराव बसला की तेही फुटणार. घाटातल्या हॉटेलांपुढे चढावर पेव्हरच असतात, जाऊन बघा.

मु_पो_चिपळूण:
फुटेल ना, म्हणून कातळ संपून भराव सुरू होतो तिथेच जॉइंट द्यायचा. तडा तिथे जाणारच आहे, तर तो सरळ रेषेत जाऊ दे. पुढेही दर 10 फुटांवर काप. वरून झाडू मारून खरबरीत फिनिश, गुळगुळीत केलंत तर श्रावणात शेवाळावरून थेट गेटबाहेर.

हडसनकाठचा_बंडू:
आमच्याकडे न्यू जर्सीत सगळे डांबरी ड्राइव्हवे. काही वर्षांनी सीलकोट मारायचा. बर्फात काँक्रीटवर मीठ टाकलं की पापुद्रे निघतात त्यामुळे डांबरच बरं.

मु_पो_चिपळूण:
रत्नागिरीत बर्फ पडायला लागला की कळवतो.

चिरेबंदी:
सगळे सिमेंटच्या मागे का लागलेत? सड्यावर राहता, जांभ्याच्या लाद्या बसवा, घराला शोभतात. शेवाळ आलं तर झावळ्या अंथरायच्या, पूर्वापार करतातच की.

सड्यावरची:
खळ्यात जांभाच आहे. पण झावळ्यांवरून गाडी चढावर चढवायची?

वास्तुप्रेमी:
गेट कुठल्या दिशेला आहे? उतार ईशान्येकडे असेल तर उत्तम.

सड्यावरची:
उतार देवाने दिलाय, दिशा विचारून नाही दिली.

हिशेबनीस:
बजेटवर कोणीच बोलत नाहीये. पेव्हर 51 हजार दिसतात, पण खाली 6 इंच मुरूम-खडी लागेल. 600 फुटाला ती 300 घनफूट, म्हणजे 3 ब्रास, आणि रोलरखाली दबतं म्हणून जास्तच मागवावी लागते. ते, कर्ब आणि गटार धरलं की 65 च्या पार. काँक्रीट तर 78 हजारच. त्यापेक्षा सगळा रस्ता करूच नका. चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, अडीच-अडीच फूट रुंद, मध्ये अडीच फूट मोकळं. 250 फूट झाले, 130 नेच धरले तरी साडेबत्तीस हजार. थोडं काम म्हणून तो दर वाढवेल, तरी उरलेल्यात भराव नीट दाबून घेता येईल आणि एका कडेने गटार होईल. पैसा जमिनीखाली घाला, वर काय आहे ते नंतर. मध्ये जांभ्याचे तुकडे बसवा, नुसती माती ठेवलीत तर पहिल्या पावसात वाहून जाईल. आणि सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 पासून 28 चा 18 झालाय, दराची घासाघीस करताना हे काढा.

ठोकळेबाज:
पट्ट्या म्हणजे रेल्वेचा रूळ. पाहुण्यांपैकी एकाला रिव्हर्स नीट येत नसला की संपलं.

सड्यावरची:
हे आमच्याकडे दोघांना येत नाही. पण कल्पना आवडली. फक्त पट्ट्या सेफ्टी टँकवरून गेल्या तर चालेल ना?

मु_पो_चिपळूण:
कुठला सेफ्टी टँक???

सड्यावरची:
आमचाच, संडासाचा. गेटमधून शिरताना उजव्या हाताला, अर्धा रस्त्यात येतो. सांगितलं नव्हतं का?

हिशेबनीस:
नाही हो. स्लॅबची जाडी किती? माणसं चालायच्या हिशेबाने घातलेला असेल तर गाडी वर नेऊ नका, पाण्याचा टँकर तर नाहीच. पट्ट्यांना मिळून साडेसात फूट लागतात, तुमच्याकडे 12 आहेत. दोन्ही डाव्या अंगाला सरकवा.

सड्यावरची:
टँक डावीकडून किती फुटांवर सुरू होतो ते फक्त सासऱ्यांना माहीत, ते दुपारचे झोपलेत. पेव्हरवाल्याला विचारलं तर म्हणतो वहिनी, काही होत नाही, वरून नेऊया.

मु_पो_चिपळूण:
त्या "काही होत नाही"वाल्याला ॲडव्हान्स देऊ नका. सासरे उठले की टेपने मोजा आणि झाकणासकट फोटो टाका.

वास्तुप्रेमी:
टँक कुठल्या दिशेला आहे?