शनिवारचा सिनेमा आणि क्लबहाऊसच्या खुर्च्या

निमकर काका, ए-३०४: सुप्रभात. काल रात्री क्लबहाऊसमध्ये मुलांना कोणता सिनेमा दाखवला याची कमिटीला कल्पना होती का? आमची नात नववीत आहे. सकाळी आजीला विचारते, पोटातलं बाळ आधीच दुसऱ्याला देऊ करता येतं का. आजीची पोळी तव्यावर करपली.

सायली, बी-६०१: काका 'जूनो' होता, २००७ चा. अमेरिकेत पीजी-१३ आहे, म्हणजे तेराच्या आतल्यांना दाखवताना पालकांनी जपावं असा. लिफ्टमध्ये चार दिवस कागद लावला होता, आठवीच्या पुढचेच आणि शक्यतो पालकांसोबत, असं स्पष्ट लिहिलं होतं.

काळे, सी-१०२: क्लबहाऊसच्या ६ खुर्च्या कमी आहेत. ज्यांनी नेल्या त्यांनी आणून ठेवाव्यात.

निमकर काका, ए-३०४: लिफ्टमधला कागद वाचायला मला चष्मा लागतो. सोळा वर्षांची ती जूनो गरोदर राहते आणि सगळे हसतात, ही कसली कॉमेडी? २००८ मध्ये अमेरिकेतल्या ग्लॉस्टर गावी शाळेतल्या मुली एकदम गरोदर राहिल्या तेव्हा पेपरवाल्यांनी याच सिनेमाचं नाव घेतलं होतं.

सायली, बी-६०१: आणि मुलींनी ठरवून केलं असं म्हणायला पुरावा नाही हे त्याच गावच्या महापौर बाईंनी सांगितलं होतं काका. आणि तिच्या अवस्थेला कोणी हसत नाही हो, ती जे फटाफट बोलते त्याला हसतात. त्या पटकथेला ऑस्कर मिळालंय, डायब्लो कोडीला.

ओंकार, बी-२०३: माझ्या लेटरबॉक्समध्ये संत्र्याच्या टिक-टॅकच्या डब्या कोणी भरल्या 😂 जूनो तिच्या मित्राच्या भरते तशा, पण मी काही त्याच्यासारखा पळत नाही रोज

आर्या, ए-५०२: दादा तू जिना पण चढत नाहीस

काळे, सी-१०२: टिक-टॅक राहू द्या. ६ खुर्च्या.

ओंकार, बी-२०३: काका सिनेमा पण खुर्चीनेच सुरू होतो, अंगणात टाकून दिलेली असते 😂

काळे, सी-१०२: ती सोसायटीची नव्हती.

सौ. पाटणकर, ए-१०१: आम्ही अर्धाच पाहिला. मला त्या बापाचं आश्चर्य वाटलं, पोरगी सांगते आणि तो आदळआपट पण करत नाही. आपल्याकडे घर डोक्यावर घेतलं असतं. आणि सावत्र आई!

आर्या, ए-५०२: काकू सावत्र आईच तर बेस्ट आहे!! सोनोग्राफी करणारी बाई मुलीला टाकून बोलते तेव्हा ती अशी काही झापते तिला. आपल्या गोष्टींतली सावत्र आई कायम छळणारीच, इथे तीच ढाल होते. मला रडू आलं तिथे.

ॲड. साने, सी-२०१: मुलांच्या डोक्यात गोंधळ नको म्हणून लिहिते. सिनेमात ती बाळ दत्तक द्यायला पेपरातली जाहिरात बघून जोडपं निवडते आणि वकिलासमोर ठरवून टाकते, ते मिनेसोटातलं आहे. आपल्याकडे असं परस्पर मूल देणं-घेणं गुन्हा ठरू शकतं. मूल सोपवायचं तर बालकल्याण समितीपुढे, नंतर आईला फेरविचाराला ६० दिवस, आणि दत्तक 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेच्या नोंदणीतून. १८ च्या आतली मुलगी गरोदर आहे असं कळलं तर डॉक्टरला पोक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, कळवावंच लागतं. गर्भपातालाही पालकाची लेखी संमती लागते. आणि त्या जोडप्यातल्यासारखा नवरा सोडून गेला म्हणून बाईचं अडत नाही, एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कोणीही दत्तक घेऊ शकते. एकट्या पुरुषाला मात्र मुलगी देत नाहीत.

निमकर काका, ए-३०४: साने मॅडम धन्यवाद. हे सिनेमाच्या आधी सांगायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सायली, बी-६०१: हे पटलं काका. पुढच्या वेळी आधी दहा मिनिटं बोलू.

सौ. पाटणकर, ए-१०१: काही म्हणा, मन नाही मानत. नऊ महिने पोटात वाढवून देऊन टाकायचं आणि वर गिटार वाजवत बसायचं. शेवटी खरी आई ती खरी आई.

काळे, सी-१०२: ६ खुर्च्या. दोन पांढऱ्या, चार निळ्या.

सेक्रेटरी: काळे साहेब जरा थांबा 🙏

राऊत, बी-४०४: पाटणकर काकू, तुम्ही मुद्दाम नाही लिहिलंत हे मला माहीत आहे. पण हा ग्रुप माझी मुलगी पण वाचते आणि काल ती माझ्या शेजारीच बसली होती म्हणून लिहिते. सगळे त्या जूनोबद्दल बोलताय, मी पूर्ण वेळ बाळ दत्तक घेणाऱ्या त्या व्हनेसाला बघत होते. बाळाच्या खोलीला पिवळ्याच्या दोन छटा लावून बघते, उन्हात कुठली बरी दिसेल म्हणून, आणि नवऱ्याला त्यात काडीचा रस नाही. आमच्याकडे कपाटात सहा दुपटी होती. दर दिवाळीला धुवायची, उन्हात टाकायची, पुन्हा घड्या घालून ठेवायची, साडेतीन वर्षं. शेजारी वाळत घातलेली दुपटी बघून कोणाची म्हणून विचारायच्या म्हणून मी ती आतल्या खोलीत वाळवायला लागले. त्या मॉलमध्ये ती गुडघ्यावर बसून परक्या मुलीच्या पोटाशी बोलते ना, तिथे लेकीने माझा हात धरला, सोडलाच नाही. आणि शेवटी बाळ हातात घेऊन ती विचारते मी कशी दिसते, तर सावत्र आई सांगते, नव्या आईसारखी, घाबरलेली. अगदी तसंच असतं हो. आणायला गेलो तेव्हा माझे हात इतके थरथरत होते की सही दोनदा करावी लागली. जिने तिला जन्म दिला ती पण खरी, मी पण खरी. रोज देवापुढे दिवा लावताना मी तिच्या नावाने हात जोडते, नाव माहीत नाही तरी.

आर्या, ए-५०२: ❤️ जूनो तिला लिहून ठेवते ती चिठ्ठी पण व्हनेसा फ्रेम करून बाळाच्या खोलीत लावते काकू, बघितलंत ना?

राऊत, बी-४०४: बघितलं गं.

सौ. पाटणकर, ए-१०१: चुकलंच माझं. शब्द नीट वापरायला हवा होता. लेकीला सांग काकूंनी सॉरी म्हटलंय.

ओंकार, बी-२०३: राऊत काकू 🙏 आणि काळे काका, २ निळ्या खुर्च्या आमच्याकडे आहेत, आईने गॅलरीत ठेवल्या होत्या, आणतो

सौ. देसाई, ए-२०२: निळ्या २ आमच्याकडे पण. पण गणपतीत आमचा स्टूल नेलेला अजून आला नाही, त्याचं कोण बोलणार?

सेक्रेटरी: ताई स्टूलचा विषय मिटला होता.

सौ. देसाई, ए-२०२: तुमच्यासाठी मिटला.

निमकर काका, ए-३०४: राऊत ताई, संध्याकाळी घरी आहात का? आमची ही नातीला घेऊन येऊ म्हणते. तिचे प्रश्न आम्हाला झेपत नाहीत, तुम्ही बोलाल तर बरं.

राऊत, बी-४०४: या ना काका, सहानंतर कधीही. लेक पण आहे घरी.

काळे, सी-१०२: ४ मिळाल्या. पांढऱ्या २ बाकी.