'कॉन्ट्रास्ट' घेणारी गाठ, आणि मेंदूत 'सूज' की 'पाणी'?

खानापूरकर : मामांचा एमआरआय बेळगावात झाला. रिपोर्ट इंग्रजीत, दारावरची पाटी कन्नडात, घरी सांगायचं मराठीत. गाठ 'कॉन्ट्रास्ट घेते', हे कसं सांगू? भोवती 'एडिमा', म्हणजे सूज आहे, त्याला मामी 'मेंदूत पाणी झालंय' म्हणतात. चालेल का?

निपाणीकर : कॉन्ट्रास्ट म्हणजे स्कॅनमध्ये नीट दिसावं म्हणून देतात ते औषध. त्याला आमच्याकडं सगळेच 'डाय' म्हणतात, नाहीतर 'रंगाचं इंजेक्शन'. बोलायला चालतंय खरं, लोकांना वाटतं मेंदू रंगवतात. एका भाषांतरात 'कॉन्ट्रास्ट एजंट'चं 'विरोधाभासी अभिकर्ता' केलेलं वाचलं, त्यापेक्षा डाय परवडला.

टिळकवाडी : स्कॅन विभागात काम करते म्हणून लिहिते. एमआरआयचं औषध गॅडोलिनियमचं, दिसायला पाण्यासारखं. हा धातू मोकळा असला तर विषारी, म्हणून दुसऱ्या रेणूत जखडून देतात. सीटीला आयोडीनचं, ते क्ष-किरण अडवतं. पोटाच्या फोटोसाठी बेरियम पाजतात, ते शिरेतून कधीच देत नाहीत. तिन्हींना 'डाय'च म्हणतात! कुणी 'मला डायची ॲलर्जी आहे' म्हटलं की कुठल्या तपासणीत त्रास झाला, हे आम्हाला खोदून विचारावं लागतं.

गाठ कॉन्ट्रास्ट घेते त्याला रिपोर्टात 'एन्हान्समेंट' म्हणतात, मी 'उठाव' म्हणते. गाठीला उठाव येतो, म्हणजे औषधानंतर ती उठून दिसते.

निपाणीकर : ताई, सीमाभागात 'मेंदूत उठाव' म्हटलं तर पोलीस येतील!

टिळकवाडी : म्हणून 'उठाव येतो' म्हणायचं, 'उठाव झाला' नाही. क्रियापद सांभाळलं की भागतं.

चिकोडीकर : कन्नडात सुजेला 'ऊत'. 'मेदुळिन ऊत' ऐकलं की आपल्या कानाला दूध उतू गेल्यासारखं वाटतं.

खानापूरकर : आणि पाण्याचं काय? शेजारच्या काकू तर म्हणतात, डाय दिल्यामुळंच सूज आली.

टिळकवाडी : 'मेंदूत पाणी' नको. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत द्रव साठतो त्या आजाराला लोक तसं म्हणतात. त्यात कधी नळी बसवावी लागते, मामी उगाच घाबरतील. इथं 'सूज'च बरोबर. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची भिंत हे औषध आत उतरू देत नाही. गाठीपाशी ती झिरपू लागते. तिथं औषध उतरतं, म्हणून उठाव, आणि तिथूनच रक्तातला द्रव भोवती मुरतो, म्हणून सूज. सुजलेल्या भागाला स्वतःला सहसा उठाव येत नाही. सूज आधीचीच, डायनं गळती दाखवली इतकंच. अँजिओग्राफीत आयोडीनच्या औषधानं मेंदूला त्रास होऊन तात्पुरतं दिसेनासं झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती विरळा, आणि मामांचा तो प्रकार नाही.

चिकोडीकर : मग पक्षाघातातली सूज?

टिळकवाडी : ती सुरुवातीला निराळी. रक्त न मिळाल्यानं पेशीच पाणी ओढून फुगतात. डेक्सामेथासोन या स्टिरॉइड औषधानं गाठीभोवतीची सूज उतरते, पक्षाघातातल्या या सुजेवर त्याचा उपयोग नाही. मराठीत दोन्हींना 'सूज'च म्हणतो, म्हणून मी 'झिरपलेली सूज' आणि 'पेशींची सूज' असं फोड करून सांगते.

खानापूरकर : रिपोर्टमध्ये 'रिंग' असंही आहे.

टिळकवाडी : 'कड्यासारखा उठाव'. कडेला येतो, मध्ये नाही. फीतकृमीच्या अळीची गाठ, क्षयाची गाठ, पू, ट्यूमर, सगळ्यांत दिसू शकतो. तेव्हा कड्यावरून घरी कुणी निदान करू नका. डॉक्टरांनाच विचारा.