गो खेळताना नुसता बचावच होतो, यातून बाहेर कसं पडायचं? (सल्ला हवाय)

घाबरट_सोंगटी

नमस्कार मंडळी, इथे गो (काळ्यापांढऱ्या सोंगट्या ठेवून पटावर जागा घेरायचा खेळ) खेळणारं कोणी आहे की नाही माहीत नाही पण विचारून बघतो. सहा महिने झाले शिकतोय, ओजीएस या ऑनलाइन साइटवर खेळतो, २० क्यूच्या आसपास (क्यू म्हणजे पातळी, आकडा जितका कमी तितका खेळ चांगला) जो अडकलोय तो हलायचं नाव नाही. शाळेपासून बुद्धिबळ खेळलोय त्यामुळे एक सोंगटी जरी गेली तरी जीव वरखाली होतो. समोरच्याने माझ्याजवळ काहीही ठेवलं की हात आपोआप तिथेच उत्तर द्यायला जातो, आतारी (पुढच्याच खेळीत सोंगटी मारली जाईल अशी स्थिती) दिसली की पळव, कट दिसला की जोड, काहीच दिसलं नाही तरी असू दे म्हणून एक जास्तीची ठेव. शेवटी मोजायला बसावं तर माझी एकही सोंगटी मेलेली नसते आणि मी ४० गुणांनी हरलेलो असतो.

कालचंच सांगतो. (डी४ वगैरे म्हणजे बुद्धिबळासारखे पटावरचे पत्ते.) माझी काळी डी४ला, त्याने एफ३, मी सी६, तो डी२ला घसरला, मी सी३, तो जे३. इथपर्यंत पाठ केलेली जोसेकी, म्हणजे कोपऱ्यातल्या ठरलेल्या खेळ्या, सगळं ठीक. मग मला वाटलं कोपऱ्यात घुसला तर? म्हणून डी३ला एक ठेवली. त्याने वरच्या बाजूला के१७ घेतलं. मग तो उजवीकडे माझ्याजवळ आला, तिथेही मी दोन ठेवल्या, आणि पन्नासाव्या खेळीपर्यंत माझे दोन कोपरे लोखंडी तिजोरीसारखे आणि बाकी सगळा पट त्याचा.

आक्रमक व्हा असं सगळे सांगतात पण म्हणजे नक्की काय करायचं? काय वाचू, काय सोडवू, किती लहान पटावर खेळू? जे स्वतः यातून गेलेत त्यांनी सांगा प्लीज.

कडू_कारलं

एवढा काय विचार करायचा त्यात. म्हणच आहे ना, पहिले १०० गेम जितक्या लवकर हरता येतील तितक्या लवकर हरा. दिसेल तिथे कट मारायचा, मेलं तर मेलं. मी असाच १४ क्यूला पोचलो.

खाडीपलीकडची

मी योकोहामात असते, घराजवळच्या गो क्लबात रविवारी जाते, तिथलं सरासरी वय सत्तरच्या पुढे असेल, माझ्याकडे सगळे नातीसारखं बघतात. पहिलं वर्ष माझंही अगदी हेच होतं. एक आजोबा होते, मी डब्यात हात घातला रे घातला की ते टेबलावर टकटक करायचे आणि विचारायचे, तेनुकी केलीस तर? म्हणजे इथे उत्तर न देता दुसरीकडे खेळलीस तर मी तुझं काय वाकडं करणार ते दाखव. आणि मला ते पटावर मांडून दाखवावं लागायचं, माझी एक, त्यांची एक. गंमत म्हणजे निम्म्या वेळा मला काहीच वाकडं करून दाखवता यायचं नाही! त्यांनी दोन खेळ्या सलग केल्या तरी माझा गट जिवंतच, म्हणजे मारता न येणारा. मग ते हसून चहा प्यायचे.

जपानीत तेनुकी हा तसा शिवीवजाच शब्द आहे बरं का, कामचुकारपणा. बिल्डरने बांधकामात हात आखडला की पेपरात हाच शब्द येतो. फक्त गो मध्ये तो गुण धरतात.

तर सोंगटी, तुमचा प्रश्न आक्रमक नसण्याचा नाहीये. तुम्हाला आपला गट जिवंत आहे का नाही ते दिसत नाही म्हणून तुम्ही हप्ता भरल्यासारख्या जास्तीच्या खेळ्या भरता. ज्याला दिसतं तो निवांत दुसरीकडे जातो. त्यामुळे त्सुमेगो (गट जगवायची किंवा मारायची कोडी) सोडवा, पण सोपे. एका मिनिटात सुटले पाहिजेत असे, रोज दहा. गटाच्या आत तीन रिकाम्या जागा एका रेषेत असल्या तर मधे कोण आधी खेळतो त्यावर सगळं, चार रेषेत असतील तर बिनघोर सोडून द्या, चारांचा चौकोन असेल तर तो मेलेलाच आहे, वाचवायला जाऊच नका. दुसऱ्या रेषेवर ओळीने सहा सोंगट्या मरतात, आठ जगतात, सात असतील तर ज्याची पाळी त्याचं. एवढं जरी डोळ्याला सवयीचं झालं ना तरी निम्मी भीती जाते.

हिशेबी_माणूस

वरच्या ताई लाखमोलाचं बोलल्या. मी फक्त पैशाच्या भाषेत सांगतो कारण मला तीच कळते.

काळा पहिला खेळतो म्हणून पांढऱ्याला कोमी (भरपाईचे गुण) मिळते. जपानमध्ये ती आधी ५.५ होती, आता ६.५ आहे, चीनमध्ये ७.५. आता समजा तुम्ही काळे आहात आणि पहिलीच खेळी पास केली. म्हणजे काय झालं? समोरचा पहिला खेळणार, म्हणजे खरा काळा तोच झाला, आणि वर कोमी पण त्यालाच! म्हणजे ६.५ दोनदा गेले, १३ गुण. सुरुवातीला एक खेळी फुकट घालवायची किंमत साधारण एवढी असते.

आता तुमचा डी३ बघा. त्याने जे३ ठेवल्यावर पाळी कोणाची होती? तुमची. म्हणजे जोसेकी संपवून सेन्ते, म्हणजे पुढाकार, तुमच्या हातात आला होता, के१७ तुम्हालाच घेता आलं असतं. डी३ अगदी शून्य किमतीची खेळी नाही, दोनचार गुण असतील त्यात. पण १३ची नोट देऊन ४ची भाजी घेतलीत, आणि असं तीन ठिकाणी केलंत तर हरलेल्या ४० मधले बरेचसे इथेच सापडले.

ओजीएसवर गेम संपल्यावर काटागो या गो खेळणाऱ्या प्रोग्रामचा, कोण कधी किती पुढे होतं त्याचा आलेख दिसतो तो उघडा. तुमच्या आलेखात मोठा कडा कुठेच नसेल, जिन्यासारखा हळूहळू उतरत गेलेला असेल. बचाव करणाऱ्याचा आलेख असाच असतो. मारामारी करणाऱ्याचा सह्याद्रीसारखा.

कडू_कारलं

माझा सह्याद्रीसारखाच आहे, अभिमान आहे.

बटणवाला

मी १९ बाय १९ चा पट कार्डशीटवर आखला होता आणि शिंप्याकडून काळी पांढरी बटणं आणली, १८१ काळी आणि १८० पांढरी मोजून, बायको म्हणाली शर्ट शिवताय का सर्कसचा तंबू. असो. माझा सल्ला, महिनाभर ९ बाय ९ खेळा. तिथे दहाव्या खेळीलाच अंगावर येतात, बचाव करत बसलात की गेम संपतोच, त्यामुळे सवय मोडते.

खाडीपलीकडची

बटणवाले दादा, माझा अनुभव थोडा उलटा आहे. ९ बाय ९ वर खरंच प्रत्येक खेळीला उत्तर द्यावं लागतं, सोडायला दुसरीकडे जागाच नसते. वाचन सुधारतं हे खरं, पण यांचा आजार सोडून देता न येण्याचा आहे, त्याला १३ बाय १३ जास्त लागू पडेल. पाऊण तासात गेम संपतो आणि दुसरीकडे म्हणायला खरंच दुसरीकडे काहीतरी असतं.

अजून एक उपाय, विचित्र वाटेल. आपल्यापेक्षा नवख्या कोणाला तरी चारपाच सोंगट्यांची हॅंडिकॅप (आधीच पटावर ठेवायची सूट) देऊन पांढऱ्याने खेळा. पट आधीच त्याचा असतो, वाचवण्यासारखं तुमच्याकडे काही नसतंच, त्यामुळे घुसण्यावाचून गत्यंतर नाही. मला याने जितका फायदा झाला तितका कशानेच नाही.

जुना_खेळाडू_३६१

कारल्याचं ऐकून दिसेल तिथे कट मारायला जाऊ नका रे, बचावाच्या खड्ड्यातून निघून थेट विहिरीत. तांग काळातल्या वांग जिशिनच्या नावावर गो ची दहा वचनं सांगतात, त्यातलं पहिलंच असं की जिंकायची हाव धरू नको. त्याच यादीत हेही आहे की हल्ला करताना आधी स्वतःकडे बघ, आणि समोरचा जिथे बलवान तिथे स्वतःला सांभाळ. म्हणजे बचाव वाईट नाही, तो कुठे करायचा ते कळलं पाहिजे. आणि त्यातच सोंगट्या सोडून द्या पण पुढाकार घ्या असंही आहे, ते तुमच्यासाठी.

बुद्धिबळवाल्यांची अडचण मला माहितीये, मी पण त्यातलाच. बुद्धिबळात प्यादं गेलं की गेलं. इथे सोंगटी गेली म्हणजे किती गेलं? प्रत्येक मेलेल्या सोंगटीचे दोन गुण, एक ती आणि एक तिच्याखालचं घर. दोन सोंगट्या गेल्या तर चार. कोरियनमध्ये गुणाला जिप म्हणतात, म्हणजे घरच. हे मोजायची सवय लावा. आतारी झाली की पळवायच्या आधी तोंडाने म्हणा, ही गेली तर दोन गुण. वरच्या बाजूला रिकामी जागा किती? वीस. मग कुठे खेळणार?

आणि कोपऱ्यात घुसण्याची भीती. तुमची एकटी डी४ असताना समोरचा तिच्याखाली सी३ला घुसला तर घुसू द्या. त्याला कोपऱ्यात आठदहा गुण मिळतील आणि तुम्हाला बाहेर भिंत मिळेल. आता त्या भिंतीला चिकटून घर बांधत बसू नका, नवखे हमखास हेच करतात. समोरच्याची एखादी कमजोर सोंगटी त्या भिंतीकडे हाकला, गुरं हाकतो तशी, मारायची गरज नाही, ती पळत असताना दुसऱ्या बाजूला तुमचं घर आपोआप बांधून होतं. आक्रमण म्हणजे एवढंच असतं बहुतेक वेळा.

घाबरट_सोंगटी

बाप रे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. काटागोचा आलेख बघितला, खरंच जिना आहे, लिफ्ट बंद पडलेल्या सोसायटीसारखा. १३ बाय १३ सुरू करतो, रोज दहा त्सुमेगो, आणि उत्तर द्यायच्या आधी टेबलावर टकटक. दोन आठवड्यांनी येऊन सांगतो.

घाबरट_सोंगटी (सोळा दिवसांनी)

आलो. २३ गेम झाले, ९ जिंकलो. रॅंक जवळपास तिथेच आहे पण आता ४० ने हरत नाही, एकतर जिंकतो नाहीतर काहीतरी प्रचंड मरतं. परवा १९ बाय १९ वर परत तीच जोसेकी आली, डी४, एफ३, सी६, डी२. टकटक केलं आणि छाती फुगवून तेनुकी केली, सरळ के१७. मग त्याने सी३ घेतलं आणि माझ्या त्या दोन सोंगट्या गेमभर बेघर होऊन मधल्या पटावर वणवण फिरल्या. ४.५ ने हरलो.

खाडीपलीकडची

अहो, तिथे नाही! डी२ ला सी३ उत्तर द्यायचंच, तुमच्या गटाचा पायाच तो. सोडायचं होतं ते त्याच्या पुढचं, डी३. पण मोठे खेळाडू कधीकधी तिथेही सोडतात हे मी तुम्हाला सांगणार नाही.

कडू_कारलं

के१७ मिळालं ना पण? झालं तर मग.

घाबरट_सोंगटी

मिळालं. पण तो माझ्या दोन बेघर सोंगट्या हाकत हाकत तिकडे आला आणि तेही गेलं. जुने खेळाडू म्हणाले तसं गुरं हाकल्यासारखं, फक्त गुरं माझी होती. बरं, आता पुढचा प्रश्न, गट पळवताना एक घर सोडून उडी मारायची का दोन? दोन सोडली की दर वेळी मधे कापतोय.