लस दिल्याने रक्त कमी होत नाही

एका दादांनी लिहिलंय की लासोटा (राणीखेत रोगाची लस) दिल्यावर कोंबडीच्या पिल्लांचे तुरे पांढरे पडले, म्हणजे लसीने रक्त कमी होतं. दादा, लासोटाने तांबड्या पेशी मरत नाहीत. लस आणि पकडापकडीच्या ताणाने पांढऱ्या पेशींचं प्रमाण थोडं बदलतं, त्यातल्या हेटरोफिल नावाच्या पेशी वाढतात आणि लिम्फोसाइट नावाच्या घटतात, ते काही दिवसांत पूर्ववत होतं.

तुरा पांढरा दिसला तर आधी रक्ती हगवण बघा. मग चिकन इन्फेक्शियस ॲनिमिया, म्हणजे कोंबड्यांचा संसर्गजन्य रक्तक्षय. याचा विषाणू अस्थिमज्जेतल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीच मारतो. तांबड्या पेशींचं प्रमाण (पीसीव्ही) २७ टक्क्यांच्या खाली गेलं की रक्तक्षय समजतात. सोबत थायमस (प्रतिकारशक्तीच्या पेशी घडवणारी ग्रंथी) आक्रसतो, त्यामुळे दिलेल्या इतर लसीही नीट लागत नाहीत. आपण मात्र लसीलाच दोष देत बसतो!

या ॲनिमियाची लस पिल्लांना नव्हे, ब्रीडर माद्यांना (ज्यांच्या अंड्यांतून पिल्लं काढतात त्या कोंबड्यांना) देतात, तीही अंडी सुरू होण्याच्या निदान चार आठवडे आधी. आईकडून आलेली प्रतिपिंडं पिल्लांना पहिले साधारण तीन आठवडे सांभाळतात. म्हणून पिल्लं घेताना माद्यांना ही लस दिली होती का, हे हॅचरीला जरूर विचारा. आणि मेलेल्या पिल्लाचं शवविच्छेदन करून घ्या, मांडीच्या हाडातली मज्जा पिवळट दिसली तर डॉक्टरांना तिथेच अंदाज येतो.